वाट बघणारा पाय

उज्ज्वला शिंत्रे यांच्या हाताखालून अर्धं कोल्हापूर गाडी शिकलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यानंही शिकायला हवं होतं असं त्यांचं मत होतं. राजारामपुरीत त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलचा बोर्ड लागला तेव्हा बाईमाणूस गाडी कशी शिकवते हे बघायला लोक चहाचे कप हातात घेऊन फुटपाथवर उभे राहत. पुढं त्याच लोकांच्या सुना आणि नाती बाईंकडे शिकून गेल्या. पेट्रोलच्या गाड्या जाऊन विजेच्या आल्या, क्लच गेला, गिअर गेले. बाई होत्या तिथंच होत्या, शिकणाऱ्याच्या डाव्या हाताला, पाठ ताठ ठेवून. त्यांच्या पायाशी शिकवणाऱ्यासाठी असतो तो दुसरा ब्रेक होता. तो त्यांच्या यजमानांनी, दिनकररावांनी, स्वतःच्या गॅरेजमध्ये बसवून दिला होता.

नवा विद्यार्थी आला की बाई त्याला आधी चहा पाजत आणि चहाबरोबर दोन गोष्टी ऐकवत. एक, त्यांच्या शिकवणीच्या गाडीला आजवर साधा ओरखडा गेलेला नाही. दोन, त्यांच्याकडे शिकलेला माणूस कुणाच्या अंगावर गाडी घालत नाही. यातली पहिली गोष्ट शंभर नंबरी खरी होती.

आता शहराबद्दल सांगायला हवं. त्या सुमारास कोल्हापूरच्या रस्त्यांना कान आले होते. वर्षानुवर्षं रस्ते खणून खणून जमिनीखाली काचतंतूच्या केबली पुरल्या गेल्या होत्या. रस्ता झाला की खणायचा, खणला की बुजवायचा, बुजवला की दुसऱ्या कुणीतरी येऊन पुन्हा खणायचा. लोकांनी शिव्या घालून तोंडं दुखवून घेतली. त्या केबली होत्या इंटरनेटसाठी, पण त्यांचा आणखी एक गुण हाती लागला. केसाएवढ्या काचेच्या तंतूत लेझरचा झोत सोडला की काचेतल्या अतिसूक्ष्म दोषांवर आपटून त्यातला किंचित प्रकाश मागं परततो. वरून चाक गेलं की जमीन थरथरते, तंतू नावापुरता ताणला जातो, आणि परतणारा प्रकाश बदलतो. हा बदल मोजता आला, की केबलीचा दर दोन-चार हातांचा तुकडा एकेक कान होऊन बसतो. गाडी किती जड, किती वेगात, कुठं वळली, कुठं थांबली, सगळं त्याला कळतं. नवा खड्डा न पाडता सगळं शहर ऐकू येऊ लागलं. न खणता झालेलं हे शहरातलं पहिलंच काम, असं लोक म्हणाले.

माणसांचं बोलणं त्या कानांना कळत नसे. पण गाडी चालवणारा मात्र कळे. स्वयंपाकात जसा बाईचा हात असतो, तसा गाडीवरही माणसाचा हात असतो. कोण वेग कुठं सोडतो, ब्रेक एकदम दाबतो की दोनदा चाचपतो, वळण कापतो की फिरवून घेतो, ही ढब ज्याची त्याची असते आणि गाडी बदलली तरी बदलत नाही. परवाना काढताना किंवा त्याचं नूतनीकरण करताना प्रत्येकाच्या हाताची नोंद होऊ लागली. पूर्वी बड्या घरच्या गाडीखाली कुणी आलं की पोलीस पोचेपर्यंत स्टिअरिंगमागचा माणूस बदललेला असे. पगारी ड्रायव्हर हात जोडून "साहेब, मीच होतो" म्हणत उभा राही. आता रस्ताच सांगू लागला, तू नव्हतास. पहिल्या वर्षातच दोन-तीन बडी धेंडं अशी उताणी पडली आणि शहरानं पेढे वाटले. लग्नाच्या बाजारातही फरक पडला. पत्रिका राहू दे, आधी मुलाच्या हाताचा दाखला दाखवा, असं मुलीकडचे म्हणू लागले.

उज्ज्वलाबाईंना हे सगळं मनापासून पसंत होतं. महाद्वार रोडवर वेण्या विकणाऱ्या अक्काताईंना एका गाडीनं उडवलं आणि गाडीवाला न थांबता निघून गेला, तेव्हा बाई दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून म्हणाल्या होत्या, "असल्यांना जन्मात परत चाकाला हात लावू देऊ नये." आठवड्याभरात रस्त्यानं हात ओळखला. शाहूपुरीतला रणधीर पोवार नावाचा वकील निघाला; गाडीच्या नंबरप्लेटीवर त्यानं चिखल थापून ठेवला होता. तो एकेकाळी आपला विद्यार्थी होता हे बाईंना आठवलं. पण त्यानं शिकवणी अर्धवट सोडली असणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि विषय संपवला.

मग पल्लवीचा दाखला आला.

पल्लवी ही त्यांची एकुलती एक मुलगी. शहर बससेवेत चालक म्हणून तिची निवड झाली होती. लहानपणी इतर पोरी बाहुल्या मांडत तेव्हा ही घरातल्या खुर्च्या एकामागं एक लावून "चला, पुढं सरका, पुढं सरका" करत बसे. परीक्षा झाली, डोळे तपासले, गणवेशाचं माप दिलं. उरला होता फक्त हाताचा दाखला. तो हिरवा आला की नेमणूक, पिवळा आला की फेरप्रशिक्षण, आणि लाल आला की पाच वर्षं सार्वजनिक वाहनाचं नाव काढायचं नाही.

तो लाल आला. पल्लवी दाखला हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिच्या तोंडाकडं बघूनच बाईंनी गॅस बंद केला.

"चुकलं असंल त्यांचं," बाई म्हणाल्या. "मशीनच ते."

"चुकलं नाही, आई. सायबर चौकाजवळ त्या आजी आडव्या आल्या होत्या बघ. पिठाची पिशवी फुटली होती."

"अगं, पण तू थांबलीस की! उचललंस त्यांना, घरी पोचवलंस, दुसरं पीठ नेऊन दिलंस."

"थांबले, पण उशिरा थांबले. आणि ते एकच नाही म्हणतात. अशा आणखी किती तरी वेळा माणूस माझ्या गाडीपासून वीतभर अंतरानं वाचलाय. मला पत्ताच नाही."

पल्लवी रडली नाही. तिनं बसचा गणवेश घडी घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात, हात पोचणार नाही इतका मागं ढकलला. ते बघून बाईंना राग आला. बाईंचं असंच होतं. दुःख झालं की त्या आधी चिडत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या थेट रस्ता-श्रवण कक्षात जाऊन थडकल्या. तिथली प्रमुख निलोफर मुजावर. तीही त्यांचीच विद्यार्थिनी, कॉलेजात असताना शिकून गेलेली. बाईंना बघताच ती खुर्चीवरून उठली.

"मॅडम, बसा की. चहा सांगते."

"चहा नको. माझ्या पोरीला लाल दाखला कुणी दिला ते सांग. मी शिकवलंय तिला. अठराव्या वर्षापास्नं माझ्याशेजारी बसून चालवतीय ती."

"तेच तर, मॅडम," निलोफर हळूच म्हणाली. "बरं झालं तुम्ही आलात. मीच येणार होते. कसं सांगावं ते सुधरत नव्हतं."

तिनं पडद्यावर एक रेघ काढली. "ही एका चांगल्या चालकाची ढब. समोर आंधळं वळण आहे किंवा झेब्रा पट्टे आहेत. इथं तो वेग सोडतो. इथं पाय ब्रेकवर येतो. मग कुणी आडवं आलं, तर पाय तयारच असतो." तिनं खाली दुसरी रेघ काढली. "ही पल्लवीची. इथं हॉर्न दिला. इथं वेग सोडला. आणि इथं बघा."

बाईंनी चष्मा सारखा केला. रेघ मध्येच सपाट झाली होती. एक टाळी वाजवायला लागतो तेवढाच वेळ. त्यानंतर एकदम करकचून ब्रेक.

"एवढ्या वेळात पाय कुठं असतोय?" बाईंनी विचारलं.

"कुठंच नाही. वेग सोडलेला असतो, ब्रेक दाबलेला नसतो. पाय नुसता वाट बघतोय. बहुतेक वेळा समोर कुणी नसतं, म्हणून निभावून जातं. पण त्या एका टाळीएवढ्या वेळात गाडी दोन माणसांच्या उंचीएवढी पुढं जाते, मॅडम." निलोफरनं आणखी रेघा काढल्या, एकीखाली एक. पडदा भरला. सगळ्या तिथंच सपाट. "अख्ख्या शहरात ही पोकळी फक्त तीनशेच्या आसपास लोकांच्या हातात सापडते. डॉक्टर आहेत, मास्तर आहेत, दूधवाले आहेत. एकमेकांना ओळखतही नाहीत. मी महिनाभर डोकं खाजवत होते. मग एक दिवस माझा स्वतःचा हात काढून बघितला. माझ्यातही आहे."

बाई खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकल्या.

"आम्ही सगळे कुणाची तरी वाट बघतोय," निलोफर म्हणाली.

"कुणाची?"

"तुमची, मॅडम. तुमच्या पायाची."

बाई ताडकन उठल्या. दुसरा ब्रेक आपण आणीबाणीलाच वापरतो, महिन्यातून एखादे वेळी, हे त्यांनी चांगलं खडसावून सांगितलं. आपल्याला शिकवायला कालची पोरगी निघाली, असंही काहीसं सांगितलं. निलोफर मान खाली घालून ऐकत राहिली, जशी ती पूर्वी गाडी बंद पडल्यावर ऐकायची. मग म्हणाली, "तुमच्याकडं शिकलेल्या कित्येकांचा पाय पुढं रस्त्यावर आपसूक सुधारला असेल, पण या तीनशेंचा नाही. खोटं ठरलं तर मला आनंदच आहे. एकदा मैदानावर या. पल्लवीला घेऊन या. तुमचीच गाडी आणा."

कायद्यात एक कलम होतं, हेही तिनं सांगितलं. दोष चालकाचा नसून शिकवणीचा आहे हे शिकवणाऱ्यानं स्वतः मान्य केलं आणि चाचणीत ते दिसलं, तर अशा सगळ्या विद्यार्थ्यांचे दाखले, लाल असोत की हिरवे, पिवळे होत. महिनाभर नव्यानं शिकायचं आणि पुन्हा परीक्षा द्यायची. आणि स्कूलचा परवाना रद्द होई. ते कलम आजवर कुणी वापरलं नव्हतं. कोण कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेईल!

शहराबाहेरच्या चाचणी-मैदानावर डांबराचे खरेखुरे रस्ते होते, चौक होते, उभ्या केलेल्या पत्र्याच्या गाड्या होत्या, आणि त्यांच्या आडून अचानक पुढं सरकणारी पुठ्ठ्याची माणसं होती. एका पेंटरनं ती इतकी जीव लावून रंगवली होती, की दूधवाल्याच्या कॅनवर डेअरीचं नावही होतं. पल्लवी चालकाच्या जागी बसली, बाई नेहमीप्रमाणे डावीकडं, निलोफर मागं.

पहिल्या फेरीत एका व्हॅनच्या आडून पुठ्ठ्याचा दूधवाला आला. गाडी त्याच्या हातभर अलीकडं अलगद थांबली. पुढच्या वळणावर आजी आल्या. गाडी पुन्हा थांबली. बाईंनी मान वळवून मागं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर 'आता कसं?' असा भाव होता.

"ब्रेक कुणी दाबला?" निलोफरनं विचारलं.

"पल्लवीनं," बाई म्हणाल्या.

"मीच," पल्लवी म्हणाली.

दोघी खोटं बोलत नव्हत्या. निलोफरनं हातातला पडदा पुढं केला. सकाळी तिनं दोन्ही ब्रेकना एकेक दाबमापक चिकटवला होता. दोन्ही वेळा आधी डावीकडचा ब्रेक दाबला गेला होता, अगदी हलका, पण वेळेवर. पल्लवीचा पाय त्यानंतर पोचला होता. फेरीभरात बाईंनी किती वेळा ब्रेक दाबला होता ते बघून त्यांना घाम फुटला. त्यांना त्यातला एकही आठवत नव्हता. लेकराला चालताना आई जशी नकळत मागून धरते, तसा त्यांचा पाय आपला आपण जात होता. गाडी आपोआप हळू होते, एवढंच शिकणाऱ्याला समजे. पायाला जे शिकायचं असतं ते तो शिकतच नसे, आणि परवाना घेऊन रस्त्यावर उतरे.

"आता पाय लांब ठेवा, मॅडम."

बाईंनी पाय मागं घेतले. पण गाडी सुटल्याबरोबर उजवा पाय परत पुढं सरकला. त्यांनी तो ओढून घेतला, तरी तो पुन्हा गेला.

"असं नाही जमायचं," निलोफर म्हणाली. "सरळ मांडी घाला."

मग उज्ज्वलाबाई गाडीच्या सीटवर, जेवायला बसावं तशी मांडी घालून बसल्या. पल्लवीला हसू आलं. बाईंनाही आलं. गाडी निघाली. पहिलं वळण सरळ गेलं, दुसरंही गेलं. तिसऱ्या वळणावर पल्लवीनं हॉर्न दिला, आणि पत्र्याच्या टेम्पोच्या आडून दोन वेण्या घातलेली, पाठीला दप्तर असलेली शाळकरी मुलगी रस्त्यावर आली.

बाईंचा पाय मांडीतून असा उसळला की गुडघा डॅशबोर्डवर आपटला. ब्रेकपर्यंत तो पोचला नाही. गाडी धडकली, मग थांबली.

पुठ्ठा बोनेटवर दुमडून पडला होता. दोन वेण्या, निळा फ्रॉक, पेंटरनं हौसेनं काढलेलं हसू.

"आई, मी ब्रेक दाबला होता," पल्लवी म्हणाली.

"दाबलास, बाळा," बाई म्हणाल्या. "माझी वाट बघून दाबलास."

त्या संध्याकाळी घरात भाकरी थापल्या गेल्या, पण जेवण कुणाला गेलं नाही. दिनकरराव तेवढे कालवणात भाकरी कुस्करत होते. शेवटी तेच बोलले.

"ब्रेक मी बसवला. मलाबी धरा मग आरोपी."

"थट्टा सुचतीय तुम्हाला!"

"थट्टा न्हवं. पायाला काय डोकं असतंय व्हय? समोर पोरगं आलं की पाय जाणारच. न गेला तरच वाईट म्हणायचं."

"आई," पल्लवी मध्येच म्हणाली, "माझ्यासाठी बोर्ड उतरवू नकोस. पाच वर्षं काय, निघून जातील. मी दुसरं काही करीन. तुझं सगळं आयुष्य त्या बोर्डात गेलंय."

बाईंनी तिच्याकडं बघितलं. पोरगी मनापासून बोलत होती, यात शंका नव्हती. आणि खरं सांगायचं तर बोर्ड उतरवायची कल्पनाच बाईंना सोसवत नव्हती. शिंत्रे मॅडम म्हटलं की रिक्षावाले वाट देत. तो बोर्ड गेला की त्या कोण? दिनकररावांची बायको आणि पल्लवीची आई. दोन्ही चांगल्याच गोष्टी, पण जन्मभर गाडी शिकवलेल्या बाईला तेवढ्यावर कसं भागवता येणार?

"तुझ्या एकटीचं असतं तर कदाचित ऐकलंही असतं तुझं," त्या सावकाश म्हणाल्या. "पण तीनशे जण त्या रस्त्यावर फिरायलेत, पल्लू. माझी वाट बघत. अक्काताई लंगडतीय. उद्या आणखी कोण लंगडंल, का त्यापेक्षा वाईट हुईल. हे कळल्यावर बोर्डाखालनं ये-जा करायची कशी मी?"

दिनकरराव ताटावरून उठले आणि हात धुता धुता म्हणाले, "बोर्ड जाईल. तू कुठं जातीस?"

बाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी नवऱ्याला परत ताटावर बसवून आणखी एक भाकरी वाढली. ती त्यांना नको होती, तरी त्यांनी निमूट खाल्ली.

सुनावणीत बाईंनी दोष मान्य केला. सगळ्या शहरात चर्चा झाली. काही जण म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. काही म्हणाले, असं छातीठोक बोलायला वाघिणीचं काळीज लागतं. तीनशे लाल-हिरवे दाखले एका दिवसात पिवळे झाले, कारण ज्यांच्या नशिबानं आजवर कुणी आडवं आलं नव्हतं, तेही त्यात होते. निलोफरचाही त्यात होता.

चौथ्या दिवशी दारात रणधीर पोवार वकील उभा राहिला. हातात मिठाईचा पुडा, तोंडभर हसू.

"मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू? माझ्या वकिलाला मी आजच सांगितलं, शिकवणीचा दोष. सगळं प्रकरण आता पिवळ्यात बसतंय."

बाईंनी त्याला आत घेतलं नाही. पुडाही घेतला नाही.

"रणधीर, ब्रेक उशिरा लागला तो माझा. तो मी सगळ्यांच्या देखत कबूल केलाय," त्या म्हणाल्या. "पण त्यानंतर गाडी थांबली नाही. बाई रस्त्यात पडलेली आरशात दिसली आसंल तुला. नंबरप्लेटीला चिखल लावलास. ते कुठल्या ड्रायव्हिंग स्कूलात शिकलास रे?"

वकिलाच्या तोंडचं हसू मावळलं. "मॅडम, घाबरलो होतो."

"माझी पल्लवीबी घाबरली होती. थांबली ती." बाईंनी पायात चपला सरकवल्या. "चल. मिठाई घे बरोबर."

रिक्षातून त्या त्याला महाद्वार रोडला घेऊन गेल्या. अक्काताई टोपलीपुढं एक पाय लांब करून बसल्या होत्या. आजूबाजूच्या बायका काम थांबवून बघू लागल्या. बाईंनी आधी आपलं सांगितलं, एका दमात, काही न लपवता. मग वकिलाला पुढं ढकललं. कोर्टात तासन् तास बोलणाऱ्या माणसाला तिथं चार शब्द जुळवता येईनात. त्यानं नुसतेच हात जोडले.

अक्काताईंनी त्याला खालीवर न्याहाळलं. "आजपातूर ह्यो गाडीवाला कसा दिसत आसंल म्हणून झोप यायची न्हाई मला," त्या म्हणाल्या. "आता बघितला. साधाच हाय की. कोरटात खरं बोल बाबा. माफी मग बघू." आणि बाईंकडं वळून, तितक्याच कोरडेपणानं, "तू बस हितं. वेण्या गुंफू लाग. तुजा पाय चुकला, हात तरी कामाला यील."

बाई फुटपाथवर बसल्या आणि तास-दीड तास वेण्या गुंफत राहिल्या. पहिल्या दोन अक्काताईंनी उसवून पुन्हा करायला लावल्या.

पोवारानं कोर्टात खरं सांगितलं. पळून गेल्याबद्दल त्याचा परवाना कायमचा गेला आणि दंड व शिक्षा दोन्ही झाली. ते त्याचं त्याला भोगावं लागलं. शिकवणीचा दोष त्याच्या कामाला आला नाही, आणि शहरानं त्याबद्दल समाधान मानलं.

इकडं मैदानावर फेरप्रशिक्षण सुरू झालं. तिथल्या गाड्यांना दुसरा ब्रेकच नव्हता. शिकवणारा शेजारी बसतच नसे. तो मैदानाच्या कडेला शिट्टी घेऊन उभा राही आणि शिकणाऱ्याला एकट्यालाच पुठ्ठ्याच्या माणसांमध्ये सोडून देई. पिकल्या केसांचे डॉक्टर, दोन नगरसेवक, एक कीर्तनकार आणि निलोफर मुजावर, सगळे रांगेत उभे राहून नव्यानं गाडी शिकले. पहिल्या आठवड्यात पुठ्ठ्याची इतकी माणसं आडवी झाली की पेंटरला दोन मदतनीस ठेवावे लागले. बाई रोज जाऊन कठड्यावर बसत. त्यांना एक शब्द बोलायची परवानगी नव्हती. आयुष्यातली ही सगळ्यात कडक शिक्षा आहे, असं दिनकरराव ज्याला त्याला सांगत सुटले. पण महिना संपता संपता निलोफरच्या पडद्यावरच्या सपाट रेघा एकेक करून वाकू लागल्या. पाय वाट बघायचा थांबला. पल्लवीचा दाखला हिरवा आला, तेव्हा तिनं स्टुलावर चढून कपाटातून गणवेश काढला आणि तो इस्त्रीला आईकडंच दिला.

पल्लवीची पहिली फेरी रंकाळ्यापासून कावळा नाक्यापर्यंत होती. आई शेजारी नको, असं तिनं स्पष्ट सांगितलं होतं, म्हणून बाई तिकीट काढून मागून तिसऱ्या बाकावर, खिडकीशी बसल्या. बस भरली. ऑफिसला जाणारी माणसं होती, दह्याचं मडकं मांडीवर घेतलेली एक बाई होती. पल्लवीनं आरशात एकदाच मागं बघितलं आणि बस सोडली. वळणावळणाला बाईंचा जीव वरखाली होत होता. पण बस संथ चालली होती, आणि हळूहळू त्याही खिडकीतून बाहेर बघू लागल्या. कितीतरी वर्षांत त्यांनी आपलं शहर असं नुसतं बसून बघितलं नव्हतं. त्यांना ते बरं वाटलं.

दसरा चौकाच्या अलीकडं एक टेम्पो उभा होता. त्याच्या आडून एक पोरगं चेंडूमागं रस्त्यावर आलं.

बाईंचा उजवा पाय खाली गेला. पूर्ण ताकदीनं, बसच्या पत्र्यावर. खाली काहीच नव्हतं.

आणि बस थांबली. धक्का न देता, पोरापासून चांगली दूर. पोरानं चेंडू उचलला, बसकडं बघून जीभ काढली आणि पळालं.

उभी माणसं थोडी पुढं झुकून सावरली. दह्याचं मडकं सांडलं नाही. बाईंच्या शेजारच्या, डुलकी लागलेल्या म्हाताऱ्यानं डोळे उघडले.

"काय झालं ओ?" त्यानं विचारलं.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "काही नाही झालं, आजोबा," त्या म्हणाल्या. "काहीसुद्धा नाही झालं."